बाळ झाल्यानंतरचा अर्धा तास

मी एक जुने तसराळे आहे. लोखंडी पत्र्याचे, वर पांढरा मुलामा चढवलेले, काठाला निळी रेघ असलेले. आमच्या बेटावरची शाळा केव्हाच बंद पडली. तिथे आता जुन्या वस्तूंची एक खोली केली आहे, आणि तिथल्या काचेच्या कपाटात मी असते. एका बाजूला संत्री तोडायची कात्री, दुसऱ्या बाजूला मासेमाराचा कंदील. माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'हात धुण्याचे भांडे'.

मित्रांनो, उभ्या आयुष्यात माझ्यात कोणी हात धुतले नाहीत. हात धुण्याचे भांडे वेगळे होते. ते माझ्याहून खोल होते आणि जरा गर्विष्ठही होते. माझे काम दुसरेच होते. ते बोलून दाखवायला लोक लाजतात, म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याला कोणी सांगितले नसेल. मी लाजत नाही. ऐका.

बाळ आईच्या पोटात असते तेव्हा त्याचे अन्न त्याला एका मऊ, जाड, रक्ताने भरलेल्या गोळ्यातून मिळते. त्याला वार म्हणतात. नाळेचे एक टोक बाळाला असते, दुसरे वारेला. बाळ बाहेर येऊन रडले की घरातल्यांना वाटते, सुटली बाई. पण ती अजून सुटलेली नसते. वार आतच असते. ती आपली आपण सुटून पडली, पुरी पडली, आणि मागचे रक्त थांबले, म्हणजे बाळंतपण संपले. ती वार मी झेलत असे. बाळाला झेलायला दहा हात पुढे होत. वारेला मी एकटे.

माझा जन्म ओसाका शहरातला. त्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. पत्रा दाबून मला आकार दिला, पांढऱ्या रसात बुडवले आणि धगधगत्या भट्टीत ठेवले. माझ्याबरोबरची बरीच भांडी लोकांच्या स्वयंपाकघरात गेली. मी सुईणींच्या शाळेजवळच्या एका दुकानात गेले. तिथे एक दिवस बावीस वर्षांची, बुटकी, रुंद हातांची एक मुलगी आली. कलिंगड निवडावे तसे तिने मला टकटक वाजवले, कानाशी धरले आणि दुकानदाराला म्हणाली, "हेच द्या. ह्याचा आवाज भरीव आहे."

तिचे नाव हिसानो. परीक्षा देऊन, परवाना घेऊन ती ह्या बेटावर सुईण म्हणून परत आली, आणि तिच्या पाठीवरच्या निळ्या गाठोड्यात बसून मी आले. बेटावर तेव्हा रस्ते नव्हते, नुसत्या पायऱ्या होत्या. समुद्रापासून वर संत्र्यांच्या बागांपर्यंत शेकडो दगडी पायऱ्या. हिसानो त्या चढे आणि मी तिच्या पाठीवर तिच्या श्वासाबरोबर हलत राही. तशी आम्ही अडतीस वर्षे चढलो.

बाळ झाले की सगळे घर बाळाभोवती जमे. मुलगा की मुलगी, नाक कोणाचे, कपाळ कोणाचे. चुलीवर लाल चवळीचा भात चढे. आणि इकडे बाई जुन्या चटईवर एकटी पडलेली असे, थरथरत, घामाने भिजलेली. तिच्याजवळ दोघेच. हिसानो आणि मी.

हिसानो बाईच्या पायांशी बसत नसे, कुशीला बसे. एक हात तिच्या पोटावर ठेवी. नाळेला बोटही लावत नसे, नुसती तिच्याकडे लक्ष ठेवून असे. आणि सारा वेळ गप्पा मारी. कोणाची होडी वाळूत रुतली, कोणाच्या मांजरीने वाळत घातलेले मासे पळवले. हळूहळू बाईचे थरथरणे थांबे. मग पोटातला गोळा मोठ्या संत्र्यासारखा कडक होऊन वर सरके, नाळ बोटभर लांब होई, थोडे रक्त उसळे. हिसानो म्हणे, "आता एकदा खोक बघू माझ्यासाठी." आणि वार माझ्यात येई. ऊन ऊन, जड.

त्या अर्ध्या तासात सासवा दारातून डोकावत.

"अहो सुईणबाई, झालं की आता! चला, चहा गार होतोय."

"झालं कुठे? अर्धं झालंय."

"बाळ तर केव्हाच आलं!"

"बाळ आलं. तुमची सून अजून परत यायचीय," असे म्हणून हिसानो त्यांच्याच हातून बाळ मागून घेई आणि आईच्या छातीला लावी. तेव्हाच्या म्हाताऱ्या त्याला नाके मुरडत. पहिले दूध वाईट असते म्हणत. हिसानो म्हणे, "वाईट असतं तर पहिल्यांदा आलं असतं का? ते ओढू द्या त्याला. त्यानेच पोट आवळतं, रक्त थांबतं."

वार आली की ती मला उजेडात नेई. वरून पाणी सोडी. वार उलटीसुलटी करून तिची पाकळी न् पाकळी जुळवून पाही, फाटलेले पत्र जुळवावे तशी. पेरभर तुकडा आत राहिला तरी बाईचे रक्त थांबत नाही. सगळे जुळले की ती सरळ होई आणि म्हणे, "पुरी आहे." मग घरातले कोणीतरी वार उंबऱ्यापाशी पुरून टाकी. मला धुऊन, उकळत्या पाण्याने शेकून पालथे घालत. माझे कौतुक कोणी केले नाही. पण मित्रांनो, खरे सांगू? मी त्या दोन शब्दांसाठी जगत होते.

एकदाच माझ्यावर संकट आले. युद्धाच्या दिवसांत तोफगोळ्यांसाठी घरोघरचे लोखंड गोळा करत होते. गावचा मुखिया शोबेई टोपी सावरत आमच्या दाराशी आला.

"हिसानो, तुमचं ते तसराळंही द्यावं लागेल. देशासाठी आहे."

हिसानोने मला त्याच्या हातात दिले. "घेऊन जा. पुढच्या महिन्यात तुमच्या सुनेचे दिवस भरतायत ना? तिची वार तुमच्या टोपीत झेलते. तीही देशासाठीच."

शोबेईने मला पायरीवर ठेवले आणि टोपी हातात धरून तो निघून गेला.

युद्ध संपून सात-आठ वर्षे झाली तेव्हा बेटावर आरोग्य केंद्र निघाले. मुख्य भूमीवरून डॉक्टर आठवड्यातून दोनदा लाँचने येत. बाकीच्या दिवसांसाठी माकिए नावाची नवी सुईण नेमली. एकतीस वर्षांची, शहरातल्या मोठ्या प्रसूतिगृहात काम केलेली. तिच्या छातीवर घड्याळ लटकत असे आणि पेटीत इंजेक्शने असत. ती हिसानोपेक्षा भराभर हात धुई, भराभर चाले, भराभर बोले. वर्षभर दोघींनी सगळी बाळंतपणे मिळून करावी असे ठरले.

पहिल्याच घरी दोघींचे वाजले. बाळ होऊन पाच मिनिटे झाली नसतील, तोच माकिएने नाळ चिमट्याला गुंडाळून ओढली. हिसानोने तिच्या हातावर चापट मारली.

"नाळ आहे ती! विहिरीचा दोर नाही!"

"शहरात आम्ही अशीच काढतो. पाच मिनिटांत मोकळं."

"मग शहरातच राहायचं होतंस."

माकिएचा चेहरा लाल झाला. त्यानंतर दोघी एकाच वाटेने चढत, पण मध्ये दहा पायऱ्या सोडून.

मित्रांनो, मी अर्थातच हिसानोच्या बाजूचे होते. पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि माकिएला नव्हती. हिसानोची नजर गेली दोन वर्षे कमी होत चालली होती. ती मला उजेडात नेई, मग आणखी उजेडात, मग अंगणात. वारेवर वाकता वाकता तिचे नाक पाण्याला लागे. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती.

डिसेंबर आला. संत्र्यांचा हंगाम. सगळे बेट बागांवर चढलेले. फुमिनो नावाची बाई बाळंतपणाच्या दिवशीही सकाळी संत्री तोडत होती. वय छत्तीस, चौथे बाळंतपण. दुपारी बाराच्या सुमाराला तिला मुलगी झाली. नवरा रिहेईने मुलगी पाहिली, आनंदाने डोळे पुसले आणि तो पुन्हा बागेत गेला, कारण संत्री नेणारी बोट तीनला सुटायची होती. घरात कामे नावाची सासू, बाळंतीण, दोघी सुइणी आणि मी.

अर्धा तास गेला. वार आली नाही. हिसानो कुशीला बसून गप्पा मारत होती. फुमिनो सुरुवातीला हसत होती, मग नुसती ऐकत होती, मग तिने डोळे मिटले.

"बाई, तास झाला," माकिए म्हणाली.

"येईल."

"रक्त झिरपतंय."

"थोडं झिरपतंच."

आणि वार आली. माझ्या तळावर तिचे वजन पडले, तसे मला कळले. अडतीस वर्षे मी ते वजन तोलले होते. एका कडेला ते कमी होते. वार पुरी नव्हती.

हिसानो मला ओसरीवर घेऊन गेली. तिने पाणी सोडले, वाकली, पाकळ्या जुळवल्या. मी मनात ओरडत होते, डावीकडे बघ, कडेला बघ. पण पत्र्याला वाचा नसते. त्याचे इतके दुःख मला त्याआधी कधी झाले नव्हते, आणि त्यानंतरही झाले नाही.

"पुरी आहे," हिसानो म्हणाली.

"मी एकदा बघू?"

"का? माझं बघणं पुरत नाही तुला?"

माकिएने हिसानोच्या हातून मला काढून घेतले. तसे करण्याची हिंमत तोवर कोणी केली नव्हती. तिने वार उलटली आणि कडेवर बोट ठेवले. "इथे फाटलीय. एवढा, अक्रोडाएवढा तुकडा नाही. आत राहिलाय."

हिसानो वाकली. खूप वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "मला दिसत नाही, पोरी."

तेवढ्यात आतून फुमिनोचा आवाज आला. क्षीण, जणू लांबून आलेला. "सुईणबाई, अंगाखाली ऊन ऊन लागतंय."

दोघी धावल्या. चटई लाल झाली होती. फुमिनोचे ओठ कागदासारखे पांढरे पडले होते.

हिसानोने बाळंतिणीच्या पोटावर दोन्ही हात दाबले. "माकिए, सुई काढ तुझी. ती रक्त थांबवायची."

माकिएने इंजेक्शन भरून दिले. "तुकडा हाताने काढायला हवा. बाई, तिकडे डॉक्टर असायचे. मी एकटीने कधी..."

"एकटी कुठे आहेस? पोट मी धरलंय. तू हात घाल. सावकाश. घड्याळाकडे बघू नकोस, तिच्या तोंडाकडे बघ."

मग ती सासूवर ओरडली, "कामेआजी, बाळ आणा इकडे! हिच्या छातीला लावा!"

"आत्ता? अहो, माझी सून चाललीय आणि तुम्हाला दुधाचं सुचतंय?"

"ती जाऊ नये म्हणूनच! आणा!"

कामे रडत रडत बाळ घेऊन आली. बाळाने छाती धरली. हिसानो फुमिनोच्या कानाशी बोलत राहिली. होडीचे, मांजरीचे, वाट्टेल ते. माकिएने ओठ घट्ट मिटले होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग तिचा हात बाहेर आला आणि तो तुकडा तिने माझ्यात ठेवला. फाटक्या कडेला लावून पाहिला. तो बरोबर बसला.

"आता पुरी," माकिए म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

हिसानोने हात काढला नाही. पोटातला गोळा हळूहळू तिच्या तळव्याखाली कडक होत गेला. रक्ताची धार बारीक झाली, मग थेंब थेंब झाली, मग थांबली. आरोग्य केंद्रातून निरोप गेला होता, आणि दिवस कलायच्या आत डॉक्टरांची लाँच आली. त्यांनी सलाईनची बाटली लावली आणि दोघींकडे पाहून नुसती मान हलवली. फुमिनो महिनाभर अंथरुणात होती. पण ती जगली.

त्या संध्याकाळी ओसरीवर संत्र्यांच्या पेट्यांशेजारी दोघी बसल्या होत्या. मी धुतलेले, मधोमध.

"दोन वर्षं झाली," हिसानो म्हणाली. "सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. सांगितलं असतं तर घरी बसावं लागलं असतं."

माकिएने विचारले, "ओढायचं म्हटलं की तुम्ही एवढ्या का चिडायचात?"

"मी नऊ वर्षांची होते. धाकटा भाऊ झाला. सगळे त्याला बघायला पलीकडच्या खोलीत गेले. सुईणीला जेवायची घाई झाली होती. तिने नाळ ओढली, ती तुटली. आई मला म्हणाली, थंडी वाजतेय. मी सांगायला पळाले. मोठी माणसं म्हणाली, थांब जरा, बाळ बघू दे. मी परत येईपर्यंत... तेव्हापासून मी थांबतच आले. आज थांबण्यातच चुकले."

माकिए म्हणाली, "आमच्याकडे एका वेळी आठ-आठ बायका असायच्या. एकीपाशी थांबलं तर दुसरी राहायची. मला ओढायला आवडत नव्हतं, बाई. हाताला सवय लागली. एकीचंही नाव आठवत नाही मला."

हिसानोने मला तिच्याकडे सरकवले. "हे घे."

"तुमचं आहे."

"ज्याला दिसतं त्याचं आहे."

असे मी माकिएच्या पाठीवर गेले. तिने माझी आबाळ केली नाही. घड्याळ ती खिशात ठेवू लागली. सुई भरून हाताशी ठेवी, पण नाळेला हात लावायची घाई करत नसे. बाईच्या कुशीला बसे. गप्पा मारणे तिला जमत नसे, म्हणून ती हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणे. गावात तिलाही आता सगळे सुईणबाई म्हणू लागले.

पण माझ्या मनाचे काय सांगू? खाली धक्क्याजवळच्या दगडावर हिसानो बसलेली असे. गाठोड्यातून मला दिसत नसे, नुसते ऐकू येई. पावलांवरून ती माकिएला ओळखी.

"कोणाकडे गं?"

"वरच्या आळीत, बाई."

आणि परतताना, "पुरी आली?"

"पुरी आली."

तेवढेच. मग ती काठी दगडावर आपटत उठे. ते दोन शब्द आता दुसरी कोणीतरी उच्चारत असे, आणि ती ते पायऱ्यांच्या तळाशी बसून मागून घेत असे. तिचा तो रुंद, खरबरीत तळवा माझ्या तळाशी पुन्हा यावा म्हणून मी किती वर्षे झुरले! मला वाटते, तीही झुरत होती. पण तिने मला एकदाही हातात मागितले नाही.

पुढे बेटावर बाळंतपणेच कमी झाली. दिवस भरत आले की बायका मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात जाऊन राहत. ते बरेच झाले. तिथे रक्त होते, डॉक्टर होते. मी पालथे पडून राहू लागले. वर्षाला तीन बाळंतपणे, मग एक, मग एकही नाही.

मग वसंताच्या सुरुवातीला एका सकाळी वादळाने लाँच बंद पडली आणि शिक्षकाची बायको नात्सुए महिनाभर आधीच अडली. माकिएने मला फडताळातून काढले. आम्ही पोचलो तर दारात हिसानो उभी. वय अठ्ठ्याहत्तर, डोळे पूर्ण गेलेले. भिंती चाचपत, पावसात भिजत ती एवढ्या पायऱ्या चढून आली होती.

"बाई, तुम्ही कशाला?"

"बाळाचं तू बघ," ती म्हणाली. "मी हिच्याजवळ बसते."

बाळ झाले. छोटा, पण खणखणीत आवाजाचा मुलगा. हिसानोने नात्सुएच्या पोटावर हात ठेवला आणि तिला त्या होडीची आणि त्या मांजरीची गोष्ट सांगितली. ती मांजर मरून चाळीस वर्षे झाली होती. नात्सुए हसली. वार माझ्यात आली. माकिएने ती पाण्याखाली धरली, जुळवली, पुन्हा जुळवली. मग मला उचलून तिने हिसानोच्या मांडीवर ठेवले आणि तिची बोटे धरून वारेच्या कडेवर आणली.

हिसानोची बोटे कडेकडेने फिरली. अगदी सावकाश. पाकळ्यांमधल्या खाचांतून, वारेला लागून असलेल्या पातळ पडद्याच्या काठावरून, एक पूर्ण फेरी. तिचा दुसरा तळवा माझ्या तळाशी होता. अठरा वर्षांनी.

"पुरी आहे," ती म्हणाली.

बेटावरचे ते शेवटचे बाळंतपण. हिसानो त्याच वसंतात गेली. काही वर्षांनी माकिए मुलाकडे शहरात राहायला निघाली. जाताना तिने मला शाळेत दिले. मी कोण, काय, हे ती सांगणारच होती, पण बोटीचा भोंगा झाला.

मित्रांनो, मला कपाटाचा कंटाळा नाही. आता बाळंतपणाला पत्र्याचे तसराळे लागत नाही, हे चांगलेच आहे. पण त्या अर्ध्या तासाची मला फार ओढ लागते. घरभर आनंद चाललेला आणि एका कोपऱ्यात एक माणूस दुसऱ्याजवळ काही न करता, लक्ष ठेवून, नुसते बसलेले. ते बसणे कुठल्या कपाटात ठेवता येत नाही. कोणीतरी ते करत राहावे लागते.

तुमच्याही घरी कधी बाळ येईल. त्याला खुशाल पाहायला धावा. त्याचे नाव काय ठेवायचे म्हणून भांडा. पण आधी जरा आईच्या उशाशी जा, आणि तिला तिच्या नावाने हाक मारा.